बिनक्लचच्या गाडीचे मिस्त्री

लाखनीच्या मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये गाडी दुरुस्त झाली की नाही, हे मिस्त्री स्वतः कधीच सांगत नसत. ते काकू ठरवत, म्हणजे मिस्त्रींची बायको. आणि खरं सांगायचं तर काकूही नाही, त्यांच्या मांडीवरचं सूप ठरवी. काम संपलं की मिस्त्री गॅरेजमागच्या घराकडे तोंड करून हाक मारत, "चाल वो, गाडी पाहाची हाय." काकू शेरभर तांदूळ घातलेलं सूप घेऊन येत, ड्रायव्हरशेजारी बसत, आणि गाडी हायवेला लागली की खाली मान घालून खडे निवडू लागत. परत येईपर्यंत सुपातून दाणा सांडला नाही तर गाडी पास. सांडला, तर मिस्त्री पुन्हा गाडीखाली शिरत.

काकूंना मी एकदा विचारलं, ही पद्धत निघाली कशी? त्या म्हणाल्या, "पद्धत कायची जी? मले गाडीत बसाची हौस, अन् घरचं काम पडून राहे. मंग काम संगं घेतलं."

मी आंधळगावचा. एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. बस अचानक सुटली की उभा प्रवासी मागे का फेकला जातो, हे जडत्वाचं उदाहरण मी दरवर्षी फळ्यावर बस काढून समजावत असे. फळ्यावरची बस मला उत्तम चालवता यायची. खरी गाडी मात्र कधी जमली नाही. डावा पाय क्लचवरून उचलायचा आणि उजवा दाबायचा, या साध्या गोष्टीत माझे दोन्ही पाय एकाच वेळी पुढाकार घेत. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याने तिसऱ्या आठवड्यात हात जोडून सांगितलं होतं की सर, तुम्हाला स्कूटर शोभून दिसते.

पण सुमनला, माझ्या बायकोला, मी लग्नापासून सांगत आलो होतो की रिटायर झालो की गाडी घेऊ आणि आपण दोघंच फिरू. तिने कधी आठवण करून दिली नाही, पण ती विसरलीही नव्हती. मी निवृत्त झालो त्याच वर्षी नाकाडोंगरीकडच्या एका ठेकेदाराने परदेशातून आणलेला आपला जुना पिकअप ट्रक विकायला काढला. गाडी ऑटोमॅटिक होती. क्लचच नाही! मी त्याच दिवशी होकार देऊन आलो. सुमनने अंगणात उभं राहून गाडीला एक चक्कर मारली आणि मागच्या लांबलचक हौद्याकडे पाहून विचारलं, "आपन दोघंच फिरनार ना? मंग एवढी जागा कायले?" मी म्हणालो, धान आणायला. आमच्याकडे शेत नाही.

गाडीला क्लच नव्हता, पण झटके होते. पहिल्याचा दुसरा गिअर पडताना मागून कुणीतरी लाथ घालावी तसं व्हायचं. दुसऱ्याचा तिसरा पडायला वेळ लागे, आणि पडला की पहिल्याची सगळी भरपाई करी. सुमनला मोठ्या थाटात तिच्या बहिणीकडे नाकाडोंगरीला नेलं. जाताना ती बोलत होती, मग ती झटके मोजायला लागली, आणि तुमसरच्या पुढे मोजायचीही थांबली. परतीला ती एसटीने आली. आठ दिवस मानेला पट्टा होता. पट्टा निघाला त्या दिवशी तिने शांतपणे निकाल दिला, "तुमी फिरा तुमच्या गाडीत. मी येष्टीनंच जाईन." जडत्वाचं इतकं प्रभावी प्रात्यक्षिक मी अख्ख्या नोकरीत करून दाखवलं नव्हतं.

आता विज्ञानाचा माणूस गप्प थोडाच बसणार. मी गिअरपेटीची तेल मोजायची पट्टी शोधून काढली. सकाळी गाडी थंड असताना, इंजिन बंद ठेवून, पट्टी तीनदा पुसून तीनदा तेल मोजलं आणि वहीत सरासरी लिहिली. तेल खुणेच्या बरंच वर होतं. जास्त तेल, म्हणजे जास्त दाब, म्हणजे झटके, असा सिद्धांत मांडून मी नळी घालून दीड लिटर तेल ओढून काढलं. त्यानंतर गाडी झटके देण्याआधी ओरडायलाही लागली. भंडाऱ्याच्या दोन गॅरेजांनी बॉनेट उघडून बंद केलं. तिसऱ्याने सांगितलं, "लाखनीच्या मिस्त्रीकडं न्या. ते पहिले खाणीतले डंपर पाहात. असली पेटी त्याहीलेच समजते."

मिस्त्री सडपातळ होते, पासष्टी ओलांडलेले, शर्टाचं गळ्यापाशीचं बटणही लावलेलं, चष्म्याला दोरी. त्यांनी गाडी चालू ठेवायला सांगितली, पट्टी काढली, लाल तेल दोन बोटांत चोळलं आणि नाकाला लावलं. "जळली नाई," ते म्हणाले, "भेली हाय, घाबरली. तेल कोनं काढलं?"

मी आधी मास्तर असल्याचं सांगितलं, मग माझा प्रयोग, सरासरीसकट. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "इंजिन बंद करून मोजलं जी?"

"हो. नियमाप्रमाणे."

"इंजिनाचं तेल बंद करून मोजतेत. या पेटीचं चालू ठेवून, गरम करून पाहा लागते. चालू असली का तेल सगळं फिरत असते, बंद केली का खाली येऊन बसते. तुमी बसलेलं तेल मोजलं." बोटं फडक्याला पुसत म्हणाले, "सर, नाडी चालत्या मानसाची पाहातेत."

मी काय शिकवत होतो ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते पट्टी पुसून जागेवर बसवत म्हणाले, "असू द्या."

मला वाटलं आता पेटी खाली उतरवतील, भाग पसरतील. त्यांनी यातलं काही केलं नाही. "पेटी खोलाले कोनालेबी येते. पहिले तिच्या बाहीरचं पाहा." जुनं तेल काढलं, आतली जाळी बदलली, योग्य जातीचं लाल तेल भरलं. गाडी उभी असतानाच इंजिन जास्त वेगात फिरत होतं, ते खाली आणलं. मग अॅक्सिलरेटरपासून पेटीकडे जाणाऱ्या एका तारेपाशी ते जे बसले, ते दोन दिवस उठले नाहीत. "पाय किती दाबला ते पेटीले या तारेवरून समजते," त्यांनी मला सांगितलं. "तार बरोबर नसन तं तिले खोटं समजते. मंग ती भलत्या येळी गिअर टाकते. तिचा काय दोष?" नट अर्धा फेरा फिरवायचा, एक चक्कर, पुन्हा अर्धा फेरा. चक्कर मारताना गाडी त्यांच्या पुतण्याच्या हातात असे आणि मिस्त्री मागे हौद्यात मांडी घालून, डोळे मिटून, तळहात पत्र्यावर टेकवून बसत. मी शेजारी बसलो होतो. मला फक्त हादरे समजत होते. ते मात्र सांगत होते, "हा दुसरा... थोडा उशिरा पडला. हा तिसरा... आता बराबर."

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंना हाक गेली. मिस्त्रींनी स्वतः गाडी चालवली. हायवेवर आठ-दहा किलोमीटर गेलो आणि परत आलो. काकूंनी खडे निवडून झालेले तांदूळ एका बाजूला सारले. एकही दाणा खाली नव्हता. मला भरून आलं. मी म्हटलं, आता मी चालवतो.

पुढचं थोडक्यात सांगतो. तांदूळ सीटवर गेले, गिअरच्या दांड्याच्या खाचेत गेले, काकूंच्या पदरात गेले. माझ्या शर्टाच्या खिशात चार दाणे निघाले. काकू रिकाम्या होत आलेल्या सुपाकडे पाहून म्हणाल्या, "आज भात कमीच करा लागते." मिस्त्री हौद्यातून खाली उतरले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "गाडी पास हाय. सर नापास." एकतीस वर्षं दुसऱ्यांना नापास करणारा मी सीटखाली वाकून तांदूळ वेचत होतो.

त्यानंतर दर गुरुवारी मी लाखनीला जाऊ लागलो. मिस्त्रींनी माझ्या चपला काढायला लावल्या. अनवाणी पायाला पेडल कळतं, असं त्यांचं म्हणणं. "गिअर पडाची येळ आली का पाय जरासा उचला. दाबून कायले ठेवता? त्याले वाट द्या." मी पाय उचलायचो, पण गिअर पडून गेल्यावर. मग घाबरून पुन्हा दाबायचो. मागून हौद्यातून आवाज यायचा, "घाई कोनाले हाय सर? गाडीले का तुमाले?" मला कुठेच जायचं नसायचं. मी निवृत्त होतो, गुरुवार होता, आणि तरी माझा पाय घाईत असायचा. नोकरीतही मी पोरांचं उत्तर पूर्ण व्हायच्या आत खडू हातात घ्यायचो. घरी सुमन बोलत असताना मी पुढचं वाक्य तयार करून बसायचो. हे सगळं माझ्या उजव्या पायात उतरलं होतं, आणि ते एका मिस्त्रीला पत्र्यावर हात ठेवून कळलं होतं.

सहाव्या गुरुवारी तीनच दाणे सांडले. "काठावर पास," मिस्त्री म्हणाले, आणि काकूंनी ते तीन दाणे माझ्या हातावर ठेवले. मी ते कागदाच्या पुडीत बांधून घरी नेले, सुमनसमोर ठेवले आणि सगळी हकीकत सांगितली. तिने पुडी उघडून पाहिली आणि पुन्हा बांधून ठेवली. "तांदळाले मान नसते," ती म्हणाली. "मले हाय."

पुढे मी तेल दाखवण्याच्या निमित्ताने जातच राहिलो. चहा यायच्या आधी मिस्त्रींचा एकच प्रश्न असे, "बाई बसल्या का गाडीत?" मी नकारार्थी मान हलवायचो. "बसतीन. येक डाव त्याहीले घेऊन या. ती कवाची वाट पाहून राहिली," असं म्हणून ते काकूंकडे बोट दाखवत. मी म्हणायचो, पुढच्या गुरुवारी. असे बरेच गुरुवार गेले. दाणे कधी दोन सांडत, कधी सात. मिस्त्रींना मधून मधून दम लागायचा. तरी ते हौद्यात चढून बसत, फक्त आता पुतण्या हात देई.

गेल्या मार्गशीर्षात एका सकाळी पुतण्याचा फोन आला. मिस्त्री पहाटे गेले होते. मी फोन ठेवून किल्ली शोधू लागलो, तेव्हा सुमनही उठली. पायात चपला घातल्या, गाडीचं दार उघडलं आणि शेजारच्या सीटवर बसली. ती म्हणाली, "चाला. त्याहीनं किती डाव बलावलं मले."

मी चपला काढल्या आणि गाडी चालू केली. त्या दिवशी मला पहिल्यांदाच खरी घाई होती. मोहाडी गेली, भंडारा गेलं. मी प्रत्येक गिअरला पाय उचलत होतो, मागून कुणी काही विचारत नव्हतं. सुमन पुढे पाहत होती. लाखनी जवळ आल्यावर पुढे धानाने भरलेला एक ट्रक रेंगाळत होता. त्याला ओलांडताना माझा संयम सुटला आणि मी जोरात दाबलं. गाडीने जुन्या आठवणीचा एक सणसणीत झटका दिला. सुमनचा हात मानेकडे गेला आणि तिने तो पुन्हा मांडीवर ठेवला.

गॅरेजच्या अंगणात माणसं जमली होती. वंदनेसाठी बोलावलेले भन्तेजी अजून यायचे होते. काकू भिंतीला टेकून कोरड्या डोळ्यांनी बसल्या होत्या. पुतण्याने हळूच सांगितलं, सकाळपासून बोलल्या नाहीत, रडल्याही नाहीत. आम्ही दोघं त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिलो. काकूंनी मान वर केली, आधी माझ्याकडे, मग माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सुमनकडे पाहिलं आणि विचारलं, "गाडीनं आल्या, बाई?"

"हो काकू."

"कशी आली गाडी?"

सुमन त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. काकूंचा हात हातात घेतला. "गिअर कवा पडले, समजलंच नाई, काकू," ती म्हणाली.

काकूंचा चेहरा हलला. "त्याहीले सांगा लागत होतं वो बाई," एवढंच त्या म्हणाल्या आणि सुमनच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागल्या.

परतताना सुमन गाडीतच बसली, आणि तेव्हापासून आम्ही दोघंच फिरतो. त्या झटक्याबद्दल तिने मला अजून एका शब्दाने विचारलेलं नाही. मी मात्र कुठलाही ट्रक ओलांडायच्या आधी स्वतःलाच विचारतो, घाई कोनाले हाय सर, आणि बहुतेक वेळा मागेच राहतो.