देवी वगळलेली सन्मानपत्रं

शाळेच्या संस्थेच्या सचिवांनी संगणकाच्या पडद्यावर बोट टेकवलं. पानावर एका विद्यार्थ्याचं नाव होतं आणि नावाच्या मागं देवीचा मुखवटा, फिकट राखाडी. नाव बरोबर देवीच्या कपाळावर आलं होतं.

"हे असं न्हाई चालायचं," ते म्हणाले. "आपल्या पोरांचं ठीक हाय. पण यादीत जयभीमवाल्यांची बी पोरं हायेत. त्यांची नावं देवीच्या कपाळावर लिहिणार का तुमी?"

मी माऊसवरचा हात काढून घेतला.

"आन् त्यांनी तर देव सोडलेत. मग आपण कशाला त्यांच्या गळ्यात बांधायचा? उलट त्यांच्याच भावना जपायलोत आपण." स्वतःच्या बोलण्यावर ते खूष झाले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमी आपलेच. तुमाला काय फोडून सांगायचं?"

मी हसलो.

मी त्यांचा नव्हतो. माझं आडनाव परभणी जिल्ह्यात मराठ्यांमध्येही आहे आणि आमच्यातही. आम्ही बौद्ध. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर पालमकडच्या आमच्या गावात घरं जळाली, तेव्हा आई आम्हा बहीणभावाला घेऊन परभणीत आली. कुणी विचारलं नाही तर आपण होऊन सांगायचं नाही, असं तिनं शिकवलं. ती भीतीपोटी शिकवत होती. मी मोठा झाल्यावरही ते पाळलं, ते सोयीपोटी.

हे १९९३ सालचं. विद्यापीठाच्या नावाचा निर्णय अजून व्हायचा होता. परभणीत संगणकावर मराठी मजकूर जुळवून देणारी दुकानं नुकतीच निघाली होती. स्टेशन रोडच्या अशा एका दुकानात मी कामाला होतो. मालकांनी मला आडनाव विचारलं होतं, जात विचारली नव्हती.

काम एका खेड्यातल्या शाळेचं होतं. शाळेचा रौप्यमहोत्सव होता. प्रत्येक विद्यार्थ्याला सन्मानपत्र द्यायचं होतं आणि संस्थेची देवी प्रत्येकावर वॉटरमार्क म्हणून, म्हणजे अक्षरांमागचं फिकं चित्र म्हणून, हवी होती. सचिव देवीचा फोटो घेऊन आले. मी तो स्कॅन केला आणि फिका करत नेला. चित्र गडद राहिलं तर अक्षरं गुदमरतात. फार फिकं केलं तर प्रिंटर ते पकडतच नाही. दोन दिवस खपून मी ते जमवलं. देवीचे डोळे दिसत होते आणि नावही वाचता येत होतं. मला त्या कामाचा अभिमान वाटला होता.

त्या दिवशी सचिवांनी यादीवर लाल पेननं खुणा केल्या. खूण केलेल्या नावांच्या मागं देवी नको. यादी ठेवून ते गेले.

खूण केलेल्यांत माझ्या बहिणीच्या मुलीचं नाव होतं. बहीण त्याच गावात दिली होती. मुलगी नववीत होती. तिचं आडनाव वेगळं, म्हणून सचिवांना काही कळायचं कारण नव्हतं. मी नाव वाचलं. ओळखलं. तरी टाइप केलं.

कसं केलं तेही सांगतो. संगणकात एक मूळ पान असतं. त्याच्यावर ठेवलेलं चित्र बाकीच्या सगळ्या पानांवर आपोआप येतं. एखाद्या पानावर नको असेल तर त्या पानापुरतं ते बंद करायचं. मात्र कडेची वेलबुट्टीची चौकटही त्याच मूळ पानावर होती. देवी बंद केली की चौकटही जायची. म्हणून खूण असलेल्या प्रत्येक पानावर मी चौकट नव्यानं बसवली. चारही बाजूंनी, मोजून. म्हणजे देवी सगळ्यांना देणं सोपं होतं. काढून टाकायलाच मेहनत पडली. ती मेहनत मी दुपारभर केली. सचिव दुकानात नव्हते. मालक बाहेर गेले होते. माझ्यावर कुणाची नजर नव्हती. नजरचुकीनं झालं असं मला कधीच म्हणता येणार नाही.

कार्यक्रम झाला. पुढच्या रविवारी बहीण भाचीला घेऊन एसटीनं माझ्याकडं आली. सन्मानपत्र वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं होतं.

"मामा, हे तुमच्याच दुकानातलं हाय ना?"

"हो."

"मग माझ्यावर देवी का न्हाई? आमच्या वस्तीतल्या कुणाच्याच न्हाई. वर्गातल्या पोरी म्हणायल्यात, तुमचे कागद खोटे हायेत. एक तर म्हणली, उन्हात धरून बघ, देवी पळाली का बसली."

मी म्हणालो, "मशीनमधली शाई संपत आली होती. शेवटची पानं फिकी निघाली."

तिनं कागद पुन्हा पाहिला. "पण कडेची नक्षी तर काळीभोर हाय की."

"होतं तसं कधी कधी."

तिनं कागद पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला. मग म्हणाली, "मग नवी काढून देताल ना? सगळ्यांची? मी सरांना सांगते."

"देईन," मी म्हणालो.

बहीण माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं पाहिलं नाही.

भाचीनं सोमवारी शाळेत सगळ्यांसमोर सांगितलं, "माझा मामा हाय तिथं कामाला. शाई संपली व्हती. नवी काढून देतो म्हणलाय."

ते ऐकून त्याच दिवशी दुपारी सचिव दुकानात आले. या वेळी ते माझ्याशी बोलले नाहीत, मालकांशी बोलले. मी तीन हातांवर बसलो होतो.

"देवी ह्यानं केली का?"

"कामाला तोच हाय, साहेब."

"पुसा ती. मशीनमधून काढून टाका. माझ्यासमोर पुसा. दुसऱ्या माणसाकडून नव्यानं करून घ्या आन् सगळी पत्रं परत छापा. वाटलेली गोळा करून मी गंगेला सोडून येतो."

मालकांनी विचारलं, "आन् त्यांच्या पोरांची?"

"त्यांच्यावर देवी कुठाय? ती ऱ्हाऊ द्या."

मग जाताना पहिल्यांदा माझ्याकडं वळले. "आमचं आडनाव लावून बसलास व्हय इथं? तोंडावर हसलास माझ्या. लाज वाटली न्हाई?"

लाज वाटत होती. ते म्हणत होते त्या गोष्टीची नाही. पण हसलो होतो हे खरं होतं. तेवढं एक वाक्य त्यांचं बरोबर होतं.

मालकांनी त्यांच्यासमोर देवीची फाईल पुसली. सचिव समाधानानं गेले. मग मालकांनी मला मागच्या खोलीत बोलावलं. तिथं कागदाची रिमं रचलेली असत.

"हे बघ," ते हळू आवाजात म्हणाले, "मी जातपात मानत न्हाई, तुला ठावं हाय. पण धंदा हाय. ते फिकं करायचं मला जमत न्हाई. मशीन हितं आत आणू. पडदा लावू. तू कर. मी सांगतो, नांदेडहून माणूस आणला व्हता. तुला काढून टाकायलोय का मी? न्हाई ना?"

ते वाईट माणूस नव्हते. काम त्यांनीच शिकवलं होतं. सणाला घरी जेवायला बोलावत. ते खरोखर मला सांभाळून घेत होते. माझे हात हवे होते, मी दिसायला नको होतो. आणि इतकी वर्षं मी स्वतः तेच करत आलो होतो. पडदा तेवढा आता लागणार होता.

"मी करणार नाही," मी म्हणालो.

"येडा हायस का? आधी केलंसच की. साहेब सांगायले, यादीत तुझी भाची बी व्हती. तिचं नाव बघून केलंस. तवा चाललं, आन् आता काय झालं?"

"केलं," मी म्हणालो. "पुन्हा करणार नाही." खिशातली दुकानाची किल्ली काढून रिमांवर ठेवली आणि बाहेर पडलो. मालकांनी मागून दोनदा हाक मारली.

संध्याकाळच्या एसटीनं बहिणीच्या गावी गेलो. भाची अंगणात भांडी घासत होती. सचिव दुकानात काय बोलले ते शाळेतून वस्तीत पोचलं होतं. मी उभ्या उभ्या सांगितलं. शाई संपली नव्हती. देवी मीच काढून टाकली.

तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"माझं नाव दिसलं व्हतं का तुमाला?"

"दिसलं होतं."

"वळखलं व्हतं?"

"हो."

"मग मी शाळेत सगळ्यांपुढं तुमची बाजू घेतली त्याचं काय?"

ती घरात निघून गेली. बहीण म्हणाली, "मला काय सांगायलास? वस्तीत लेकरं हायेत ना. जा, त्यांच्या मायबापाला सांग."

मी घरोघर गेलो. नावं मला पाठ होती, मीच जुळवली होती. प्रत्येक दारात तेच सांगितलं. एका बाईनं दार लावून घेतलं. एका म्हाताऱ्यानं पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "आता काय पायजे तुला? माफी?"

"माफी नको. तक्रारीवर सही पाहिजे."

"लिहून आणलीस का?"

"लिहितो."

तिथंच, त्यांच्या ओट्यावर, चिमणीच्या उजेडात लिहिली. सचिव काय म्हणाले ते शब्द न बदलता लिहिलं. मी काय केलं तेही लिहिलं. म्हाताऱ्यानं अंगठा दिला. मागून बाकीचे आले. दार लावून घेतलेली बाईही आली. कागद शेवटी भाचीपुढं ठेवला. तिनं तो वाचला आणि परत दिला.

"तुमी लिहिलेल्यावर मी सही करणार न्हाई. मी माझं लिहिते."

तिनं वहीचं पान फाडलं आणि माझ्याकडं पाठ करून लिहीत बसली. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. सकाळी घडी घालून आईच्या हाती दिलं, आईनं माझ्या हाती.

परभणीत शिक्षण खात्याच्या कचेरीत कारकुनानं दोन्ही कागद पाहिले. भाचीचा वाचताना त्याची मान एकदा वर झाली. मग म्हणाला, "प्रकरण एकच. दोन अर्ज कशाला? एकत्र करा."

"एकत्र होणार नाहीत," मी म्हणालो. "तिची तक्रार आहे. माझी कबुली आहे."

"अहो, ह्यात तुमच्यावर पण कारवाई होऊ शकते."

"करा. माझ्यापासून सुरुवात करा. पण माझ्यापाशी थांबू नका. सचिवांपर्यंत जाताय की नाही, ते बघायला मी रोज येणार आहे."

त्यानं दोन्ही अर्जांवर वेगवेगळे शिक्के मारले. मी दारासमोरच्या बाकावर जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी कचेरी उघडण्याआधी तिथं होतो. तिसऱ्या दिवशीही.