बसला म्हणजे कसा बसला

“नुसतं बसला म्हणू नका, कसा बसला ते सांगा.” महाडच्या रामजी फिटरकडे गाडी नेली की हे ऐकावंच लागे. आपल्या बोलीत नट बसतो आणि भिंतही बसते. नट घट्ट होतो, भिंत खाली येते. हात बसला की काम सुधारतं, घसा बसला की आवाज जातो. लोक रामजीला हसत. त्याला ही खोड कुठे लागली ते मी पाहिलं आहे.

अठ्ठ्याहत्तरचा भादवा. मालोजीच्या ट्रकला रामजीने ब्रेकचं नवं रबर घातलं. मालोजी नाक्यापर्यंत फेरी मारून आला.

“बसला का रे ब्रेक?” रामजीने दुसऱ्या गाडीखालून विचारलं.

“बसला,” म्हणून मालोजी जेवायला गेला.

मागोमाग त्याचा जोडीदार हैबती आला. खेडला कौलं तो पोचवणार होता. रामजी म्हणाला, “ने बिनघोर. ब्रेक बसलाय.”

मालोजी ढेकर देत परतला. “गाडी कुठाय?”

“हैबती घेऊन गेला.”

“कसा गेला? बसला म्हटलं ना तुला. पायडल पार पायाखालच्या फळीला टेकतंय.”

मी जीप घेऊन तिथेच उभा होतो; रामजी पाना टाकून तीत शिरला. पोलादपूर मागे पडलं. कशेडी घाटाच्या चढात भरलेल्या गाडीला ब्रेक फारसा लागत नाही. भीती पलीकडच्या उताराची होती. प्रत्येक वळणावर तो आधी कठडा बघे, मग रस्ता. एका जागी कौलांचे लाल तुकडे पडलेले दिसले. मी जीप हळू केली.

“थांबू नको,” तो म्हणाला. दरीत बघायला तो तयार नव्हता. त्या तुकड्यांवर शेवाळ चढलं होतं, हे मला परतताना दिसलं.

माथ्यावर ट्रक उभा होता. तापलेल्या इंजिनात पाणी ओतून हैबती केबिनमध्ये चढतच होता.

“काय फिटर, वरातीला आलास का?”

रामजीने त्याला दंडाला धरून खाली ओढलं आणि आत वाकून हाताने पायडल दाबलं. ते सरळ फळीपर्यंत गेलं. पुन्हा दाबलं. तसंच.

“पोलादपूरला दोनदा पाय मारला तवा थांबली,” हैबती हळू म्हणाला. “म्हटलं, नवं रबर हाय, बसेल.” मग त्याने समोरचा उतार पाहिला. चाकांना दगड लावले, लावलेल्या दगडांना आणखी दगड लावले. “दोन पोरं हायत मला, रामजी.”

“गाडी हलवू नको. सामान घेऊन येतो.”

मी जीपचं दार उघडलं. “उतारावर नको. हिचा ब्रेकही मीच बसवलाय,” म्हणून रामजी पोलादपूरच्या बाजूला चालू लागला. पाण्याचा रिकामा डबा मांडीवर घेऊन रामजी वळणाआड जाईपर्यंत हैबती बघत राहिला. मीही.