जामीनदाराचे पेढे

गृहकर्ज कमी व्याजाच्या बँकेत हलवायला मी आबिड्सच्या शाखेत गेले होते. शेजारी एक काका त्याच कामासाठी, मंजुरीचे पेढे आधीच घेऊन बसले होते. पण बँकेच्या वकिलाला तपासणीत काकांविरुद्धचा कोर्टाचा निकाल सापडला. ते ज्या मित्राला जामीन राहिले, तो कर्ज बुडवून गायब झाला होता आणि नोटिसा काकांच्या जुन्या घरी जात राहिल्या होत्या. ते प्रकरण मिटेपर्यंत कर्ज नाही, असं बँकेच्या साहेबांनी सांगितलं.

आता हे भडकणार, असं मला वाटलं. काकांनी चष्मा पुसला, निकालाची प्रत वाचली आणि कोर्टाने शोधून त्यात नोंदवलेल्या मित्राच्या नव्या पत्त्यावर बोट ठेवलं.

"हौ, बरकतपुऱ्यात हाय म्हणायचा! मी तर गेला समजून रडून बसलो होतो."

मग पुडा सोडून त्यांनी पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला.