आतून लिंपलेली नाव

मला पोहता येत नाही. तळी खोदणाऱ्यांच्या घराण्यात जन्मून हे सांगणं म्हणजे सोनाराने कसोटी ओळखत नाही म्हणण्यासारखं आहे, पण खरं आहे. आमच्या गावचा तलाव आमच्याच पूर्वजांनी बांधला असं गावात प्रत्येक लग्नात सांगितलं जातं. बांधला असेल. मला त्यात लहानपणी पोहायला शिकवायचं म्हणून पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, ढकललं गेलं, आणि मी शिकलो ते एवढंच की पाण्याला तळ असतो पण तो पायाला लागेलच असं नाही.

म्हणून बायकोने जेव्हा चहा ओतता ओतता म्हटलं, "आपण नावेत राहू," तेव्हा मी कप खाली ठेवला.

आम्ही दोघं गोंदियात भाड्याच्या खोल्यांमध्ये म्हातारे झालो. मी कॉलेजात ग्रंथपाल, ती सरकारी दवाखान्यात नर्स. घर बांधायचं राहून गेलं. निवृत्तीनंतर शहरातलं भाडं झेपेना, आणि अर्जुनी मोरगावकडच्या आमच्या गावी जे घर होतं त्यात मोठ्या भावाचा संसार, त्याच्या मुलांचे संसार आणि धानाची पोती यांच्यानंतर जागा उरत नव्हती. तलावाच्या काठावर मात्र एक नाव रिकामी पडली होती.

त्या नावेचा इतिहास सांगायला हवा. तिरोड्याकडे वैनगंगेवर पूल होण्याआधी ती माणसं, सायकली आणि बकऱ्या पलीकडे नेत असे. रुंद, सपाट बुडाची, फळ्यांची. पूल झाला आणि ती बेकार झाली. मग आमच्या तलावावर नौकानयन केंद्र काढायचं कुणाच्या तरी मनात आलं. नाव ट्रकवर घालून आणली, पांढरी रंगवली आणि पुढे प्लायवूडची हंसाची मान बसवली. उद्घाटनाला मांडव पडला, बँड आला, पाहुण्यांनी फीत कापली. नावेत जितके चढू शकत होते त्याहून जास्त पुढारी चढले. काठापासून थोडी दूर जाऊन ती गाळात रुतली आणि भाषणं तिथूनच झाली. पुढे हंसाच्या चोचीचा रंग उडाला, मग केंद्राचा फलक उडाला. नाव कैक उन्हाळे पाळीवर कोरडी पडून राहिली. फळ्यांच्या सांध्यांतून पलीकडचा तलाव दिसायचा.

लिलावात ती आम्हाला मिळाली, कारण दुसरं कुणी आलंच नाही. परवानगी विचारायला गेलो तर तलाव ज्यांच्या ताब्यात ते म्हणाले, नाव आमच्याकडे येत नाही. नाव ज्यांच्याकडे यायला हवी ते म्हणाले, तलाव आमच्याकडे येत नाही. बायकोने याचा अर्थ हो असा लावला.

उन्हाळाभर पाळीवर काम चाललं. पहिल्यांदा हंसाची मान कापली. ती अजून आहे, तिच्यावर टॉवेल वाळतात. जुनी शाळा पाडली होती, तिच्या खिडक्या आणि टिनाचे पत्रे बायकोने घासाघीस करून आणले. बांबूचे तट्टे भावाच्या बेटातले. वर्गाचं एक दार मिळालं, त्यावर आतल्या बाजूने कुणीतरी कोरलं होतं, 'पानी पियाले जावू का'. मी ते पुसू दिलं नाही.

या सगळ्या काळात मी भीत होतो. वाऱ्याला, विजेला, सापाला, गॅसच्या नळीला, रात्री लघवीला उठलं तर काय याला. पुस्तकं वाचून माणूस निर्भय होतो असं भाषणात म्हणतात. मी आयुष्यभर पुस्तकांतच राहिलो, आणि त्यांनी मला फक्त बुडण्याचे वेगवेगळे प्रकार सांगितले.

बायकोला माझी भीती तोंडपाठ होती. "तुम्ही काऊन भिऊन राहिले?" ती खिळे वेचता वेचता म्हणायची. "मी आहो ना. मी लहानपणी शिंगाडे तोडाले पोहत जात होती."

"तू पोहत जाशील. मी काय करायचं?"

"तुम्ही दोर धरा."

दोर मी धरलाच. जाडजूड, काठावरच्या अर्जुनाच्या झाडापासून थेट नावेपर्यंत. नाव काठाला लावून ठेवता येणार नव्हती, तिथे बाया कपडे धुतात, गुरं उतरतात. ती थोडी आत, दगडी नांगर टाकून उभी करायची ठरली. येण्याजाण्याला पत्र्याचा लहान डोंगा. डोंग्यात बसून दोर ओढत गेलं की वल्ह्याची गरज नाही, असा माझा हिशेब. भावाला तो दोर पाहून हसू आवरेना.

"हे का बे? बैल बांधून राहिला का?"

"वारा आला तर नाव जाईल, दादा."

"जाईन कुठी? तलाव आहे लेका, समुद्र नाई. फिरून फिरून आपल्याच पाळीले लागन."

भाऊ आमच्या घरातला पाण्याचा माणूस. पाळ कुठे पाझरते, सांडवा कधी वाहील, हे गाव त्याला विचारतं. नावेच्या सांध्यांचं काम त्याने न मागता अंगावर घेतलं. आता फळ्यांची नाव गावात कुणाकडेच नाही. मासे धरणारे पत्र्याच्या डोंग्यात नाहीतर थर्माकोलवर बसून जातात, त्यांनीही मान हलवली की आम्हाला याचं माहीत नाही. भावाला मात्र शंका नव्हती.

"पाणी कसं अडवाचं हे का आमाले कोणी शिकवन?" तो म्हणाला. "पाळीले भेग पडली का आपण का करतो? आतून लिंपतो. मंग?"

खरंच आम्ही तेच करत आलो. तलाव आटला की पाळीच्या आतल्या अंगाने, पोटाच्या बाजूने, भेगा भरायच्या. भावाने वारुळाची माती आणली, भाताचा कोंडा घातला, डांबर तापवून त्यात मिसळलं. आम्ही दोघं भाऊ नावेच्या पोटात उतरून प्रत्येक सांधा आतून लिंपत गेलो. बाहेरून नुसता रंग. लहानपणी आजोबांच्या हाताखाली अशीच माती दाबली होती, तीच बोटं, तोच वास. त्या उन्हाळ्यात ज्याची मला भीती वाटली नाही अशी ही एकच गोष्ट. त्यावर मग पायाखाली पाटाच्या फळ्या ठोकल्या, सतरंजी घातली, आणि लिंपण डोळ्यांआड गेलं.

पोळा होऊन तलाव भरल्यावर नाव पाण्यात लोटायची ठरली. गावातल्या एका उत्साही पुढाऱ्याला फीत कापायची होती. बायकोने त्याला सांगितलं, "हिची फीत एकदा कापून झाली भाऊ. तवा गाळात गेली होती." मग नारळ फोडला, पंधरावीस जणांनी खांदा लावला, आणि नाव पाण्यावर बसली. बसली आणि तरंगत राहिली. भाऊ पाळीवर उभा राहून मिशीवर हात फिरवत होता. मी त्याला खरोखर नमस्कार केला.

आम्ही राहायला गेलो. सगळ्यात शेवटी माझ्या पुस्तकांच्या दोन लोखंडी पेट्या आल्या. त्या चढवल्यावर नाव किंचित खाली गेली, आणि बायको म्हणाली, "एवढे पंडित एका नावेत बसवाले नाई पाहिजे होते."

पाण्यावर राहणं सुंदर असतं असं मला बरेच जण सांगून गेले. ते संध्याकाळी घरी जात. मला ऐकू यायचं ते पाण्याचं खाली चाललेलं बोलणं. गुळगुळ, मग चूप, मग पुन्हा गुळगुळ. सतरंजीला कान लावून मी ऐकत असे.

"आत आहे आवाज," मी म्हणायचो.

"बाहेर आहे. नाव म्हटली का पाणी वाजन."

"काल असा नव्हता."

"कालही तुम्ही हेच म्हटलं."

म्हटलं होतं. भित्र्या माणसाचं हे एक नुकसान आहे. तो रोज घाबरतो, त्यामुळे खरी वेळ आली तर त्याला ती वेगळी ओळखता येत नाही, आणि दुसऱ्यांना तर नाहीच.

लवकर येणाऱ्या हलक्या धानाची कापणी लागली त्या दिवसांत बायकोला ताप आला. तिने आयुष्यभर दुसऱ्यांचे ताप मोजले, स्वतःचा मोजायला तयार नव्हती. सकाळी भाऊ डोंगा घेऊन आला, मला काठावर घेऊन गेला, गोळ्या आणायला बसस्टँडकडे सोडलं आणि स्वतः शेतावर गेला. मी परतलो तेव्हा दुपार उलटली होती. पाळीवर चढलो आणि नावेकडे पाहिलं.

खिडकीखाली पांढऱ्या रंगाचा एक पट्टा असायचा. तो मी रोज पाहत असे, कारण मी सगळंच रोज पाहत असे. तो पट्टा नव्हता. खिडकी पाण्याच्या अगदी जवळ आली होती.

मी हाक मारली. शिंगाडे तोडणारे तलावाच्या पार दुसऱ्या टोकाला, ठिपक्यांसारखे. त्यांनी वर पाहिलं नाही. पाळीखाली सगळं गाव शेतात वाकलेलं. तिला पोहता येत होतं, पण सकाळी तिला उठून पाणीही पिता येत नव्हतं. डोंगा अर्जुनाच्या मुळाशी बांधलेला होता. मी त्यात एकटा कधीच बसलो नव्हतो.

कसा बसलो ते आठवत नाही. डोंगा एका अंगाला कलला, मी तळाशी बसकण मारली आणि दोर दोन्ही हातांनी पकडला. ओढलं की डोंगा पुढे जाई आणि पत्रा माझ्याखाली वाके. डोळे मिटले तर बरं वाटेल म्हणून मिटले, तर पाणी आणखी मोठं वाटायला लागलं. उघडले. पाणी हिरवं, वर शेवाळ, आणि त्याच्याखाली काही दिसत नाही. मला आठवत होतं की तळ पायाला लागत नाही. तेवढं एकच आठवत होतं. हाताची साल निघत होती आणि मी तिचं नाव घेत होतो, जे मी एरवी घेत नाही.

दारातून आत पाहिलं तर ती खाटेवर उभी होती, केस सुटलेले, हातात भात शिजवायचा गंज, आणि खिडकीतून पाणी बाहेर फेकत होती. पाटाच्या फळ्यांवर घोट्याएवढं पाणी. माझ्या चपला तरंगत होत्या.

"गोळ्या आणल्या का?" तिने विचारलं.

"डोंग्यात बस आधी."

"दोघांच्यानं बुडन तो. नांगर सोडा, नाव ओढू."

नांगराची गाठ पाण्यात फुगली होती, सुटेना. शेगडीजवळचा कोयता घेऊन मी दोर तोडला. मग आम्ही दोघं दारात बसून काठाकडचा दोर ओढायला लागलो. ती ओढायची आणि मध्येच माझ्या खांद्यावर डोकं टेकायची. तिचं कपाळ भाजत होतं. भरलेली नाव म्हशीसारखी जड, ओढावी तशी थोडी हलायची आणि थांबायची. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं. मी ओढत राहिलो, कारण ओढणं सोडलं तर विचार करावा लागला असता.

मग खालून घासल्याचा आवाज आला. नाव काठाजवळ गाळावर बसली, हळूच, म्हातारी माणसं बसतात तशी. मी उतरलो. पाणी कमरेला आणि पायाखाली तळ. तो चिखल मला कधी एवढा आवडला नव्हता. तिला पाठीवर घेऊन काठावर आणलं. ती वाटेत म्हणाली, "पुस्तकं?" मी म्हटलं, "जाऊ दे." पेट्या खालीच होत्या. पंडितांची बुडण्याची पाळी आली होती.

भाऊ संध्याकाळी आला. कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्याने पाटाची एक फळी उचकटली, आत हात घातला आणि लिंपणाचा एक तुकडा वर काढला. पापडासारखा सुटून आला होता, अख्खा. त्याने तो उलटून दोन्ही बाजूंनी पाहिला.

"माती नाई चुकली," तो म्हणाला. "बाजू चुकली."

तलावात पाणी आत असतं. ते मातीला पाळीवर दाबून धरतं. नावेला पाणी बाहेरून असतं, ते तीच माती आत ढकलून काढतं. हे लहान पोरालाही कळावं. पण पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरात पाण्याची बाजू म्हणजे आतली बाजू. आम्हाला पाणी ठेवायचं माहीत होतं, बाहेर ठेवायचं नव्हतं. दोघांनाही नव्हतं. त्या दिवसापासून भाऊ दोरावर हसला नाही.

बायको भावाच्या घरी, पोत्यांच्या आडोशाला, बरी झाली. कापणीच्या धांदलीत नावेकडे कुणी फिरकलं नाही, ती तशीच बुडून पडली. मळणी झाल्यावर निदान फळ्या तरी काढाव्यात म्हणून आम्ही पाणी उपसलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं, नाव कोरडी. तिसऱ्या दिवशीही. उन्हात वर्षानुवर्षं आकसून गेलेलं लाकूड महिनाभर पाणी पिऊन फुगलं होतं आणि सांधे आपसूक मिटले होते. तिला एकदा नीट बुडू द्यायला हवं होतं, एवढंच. भावाने यावेळी बाहेरून डांबर फासलं.

"मी जाऊन राहिली," बायको म्हणाली. "तुम्हाले भेव वाटते तर पाळीवर राहा. जेवण दोरावरून पाठवीन."

मी गेलो. तिला पुन्हा तिथे एकटी ठेवून काठावरून पाहणं मला जमणार नव्हतं, आणि ते तिला माहीत होतं. अट एक घातली, खाटेजवळची पाटाची फळी ठोकायची नाही. ती सुटी आहे. डोळा उघडला की मी ती उचलतो, हात खाली घालतो, लाकडाला चाचपतो. ओलसर असतं, पण पाणी नसतं. तरी हात पुसून मी पुन्हा एकदा घालतो.

परवा मी उशिरा उठलो. डोळे किलकिले करून पाहिलं तर ती गुडघ्यांवर बसली होती, फळी उचललेली, हात कोपरापर्यंत आत.

"काय पाहतेस?" मी विचारलं.

तिने फळी घाईघाईने बसवली. "काही नाई. सुई पडली होती."

चहा होईपर्यंत आम्ही दोघं आवाज ऐकत बसलो. बाहेरच होता, बहुतेक.