सुनेनं लावलेलं गवत

आमच्या शेजारचे आकाराम आबा कागलकडचे. अख्खी हयात उसात गेली, आणि हा धिप्पाड माणूस घाबरायचा कशाला, तर सुनेच्या बागेतल्या गवताला.

लेकानं दोन हजार साली कोल्हापुरात बंगली बांधली, तेव्हा सून अनुजानं दाराशेजारच्या खिडकीखाली शोभेचं गवत लावलं. तिची बँकेत नोकरी, गुलाबाचे लाड करायला वेळ कुठला? याला ना खत लागे ना रोजचं पाणी. वर्षातून एकदा बुडापासून कापलं की झालं. गवत पुरुषभर वाढलं, पांढरे तुरे आले. येणारेजाणारे थांबून बघायचे. आबा मात्र काठी आपटल्याशिवाय तिथून जात नसत. त्यांच्या थोरल्या भावानं ऊस तोडताना बुडख्यात हात घातला आणि तो साप चावून गेला होता. ती भीती त्यांच्या पोटात कायमची बसली होती. आणि चार वर्षांची नात अक्षता नेमकी त्याच गवतापाशी खेळायची.

फेब्रुवारीत अनुजा जेवताना म्हणाली, "रविवारी गवत कापते." ती बुडात हात घालणार म्हटल्यावर आबा अर्ध्या ताटावरून उठले.

शनिवारी लेक-सून कामावर गेल्यावर त्यांनी ठरवलं, ऊस गेल्यावर रानातलं पाचट पेटवतात तसं हे पेटवायचं. साप असला तर बाहेर पडेल. तो पोरीकडं जाऊ नये म्हणून तिला पुढच्या खोलीत बसवलं आणि दाराला बाहेरून कडी घातली. वारा बघून काडी लावली. रानात ते कधी चुकले नव्हते. इथं वारा भिंतीवर आपटून फिरला, जाळ खिडकीत शिरला आणि पडद्यानं पेट घेतला.

पोरीची किंकाळी ऐकून मी कुंपणावरून उडी टाकली. आबा तापलेली कडी उघड्या हातानं ओढत होते. "अक्षू, आलो बाळा, आलो की." कडी निघाली ती तळहाताचं कातडं घेऊनच. पोर खाटेखाली धुरात खोकत होती. मी तिला उचलून बाहेर आणलं.

साप निघालाच नाही. गवत महिन्याभरात फुटलं, पहिल्यापेक्षा दाट. अक्षता पुन्हा तिथं खेळायला लागली. पण आबा खोलीत आले की पोर उठून उंबऱ्यावर जाऊन बसायची.

"आत ये की गं," आबा म्हणायचे.

"न्हाय. तुम्ही कडी लावताय."