फळ्यांची सवय

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे वखारीतून जमिनीवर ठोकायच्या फळ्या आणणं. फरशी गार लागते म्हणून हिला लाकडाची जमीन हवी होती. स्वस्त पडतात म्हणून बिनपॉलिशच्याच घेतल्या. वखारवाला म्हणाला, "काकू, पॉलिशवाल्या न्या."

"पॉलिश तुझ्या गालांना कर. मी घरी घासून तेल लावीन."

तो हसला. "बरं, पण लगेच ठोकू नका. खोलीत रचून ठेवा. लाकडाला घराची सवय झाली पाहिजे, नाहीतर फुगतं."

फळ्या खोलीत रचलेल्याच होत्या आणि ही गेली.

भेटायला आलेले लोक त्या फळ्यांवरच बसले. हिची बहीण म्हणाली, "भाऊजी, होईल हळूहळू सवय."

"ऊठ आधी त्या फळ्यांवरून," मी म्हटलं.

लाकडाला सवय होते म्हणे. त्याला विचारलं कोणी? करवतीनं कापायचं, परक्या खोलीत रचायचं आणि गप्प पडून राहिलं की म्हणायचं, झाली सवय. लोकांना माझ्याकडून तेवढंच हवंय. म्हाताऱ्यानं फुगू नये, कुणाच्या पायाखाली करकरू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हातोडी काढली. फळीचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, ते पायानं दाबलं आणि ठोकत सुटलो. शेजारी धावत दारात आला. "आबा, सुतकात ठोकाठोकी करतात का? आणि इतक्यात ठोकलं तर लाकूड फुगेल!"

"फुगू दे," म्हटलं आणि पुढची फळी ओढली.