शेवटच्या नावानंतरचा एंटर

विलासराव गेल्याचं मला कळलं ते सकाळी कामावर आल्यावर, त्यांच्या कॉम्प्युटर क्लासच्या बंद शटरवर चिकटवलेल्या कागदावरून. पुढच्या आठवड्यात पेणला शोकसभा झाली. ‘तालुक्याला संगणक दाखवणारा द्रष्टा’, असं एक वक्ता म्हणाला... सात वर्षं मी त्या द्रष्ट्याकडे टायपिंग केलं. मला हसू आवरेना.

मिजास अशी, की गावातले बाकीचे क्लासवाले त्यांच्या लेखी अडाणी. मुंबईहून कुणीतरी प्रोग्रॅम लिहायची पायथन नावाची भाषा फ्लॉपीवर आणून दिली, तेव्हापासून तर त्यांचे पाय जमिनीला लागेनात. सत्त्याण्णवमध्ये रोह्याच्या एका कंपनीचं काम आलं. ठेकेदाराचे जे कामगार कंपनीच्या आणि ठेकेदाराच्या, दोन्ही याद्यांत सापडतील ते कायम होणार होते. कंपनीची यादी विलासरावांनी प्रोग्रॅममध्येच भरली. ठेकेदाराच्या माणसांची नावं मी गेटवर बसून विचारून घेतली आणि क्लासमध्ये येऊन इंग्रजीत टाइप केली. शेवटचं नाव कासूच्या हिराजी म्हात्रेचं. मिठागर सोडून कंपनीत आलेला माणूस. बाकीच्यांना शिफ्टला जायची घाई, म्हणून त्यानं सगळ्यांना पुढे जाऊ दिलं होतं.

पहिल्यांदा एकही नाव जुळेना. ओळ संपवताना आपण मारतो तो एंटरही कॉम्प्युटरच्या लेखी एक अक्षरच असतो. फाइल वाचली की तो प्रत्येक नावाच्या मागे शेपटासारखा चिकटून येतो, आणि शेपटासकटचं नाव वेगळंच ठरतं. “छाटा शेपटं!” असं म्हणत विलासरावांनी प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर उडवलं. नावं भराभर जुळली. तपासून बघण्याची त्यांची रीत नव्हतीच.

यादी लागली, आणि हरतालिकेच्या दिवशी दुपारी हिराजी क्लासमध्ये आला.

“बाय, सगल्यांची नावां लागली, माजाच नाव नाय कसा गो?”

विलासरावांनी मान वर न करता माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, “कॉम्प्युटर चुकत नाही. नलूनं स्पेलिंग चुकवलं असेल, नाहीतर तुम्हीच नाव धड सांगितलं नसेल.”

आम्ही दोघांनीही ते खरं मानलं. हिराजी मिठागरावर परत गेला. पुढची दोन वर्षं म्हात्रे आडनाव आलं की मी तीनतीनदा तपासायचे.

मागच्या आठवड्यात विलासरावांच्या बायकोनं, वहिनींनी, त्यांचा कॉम्प्युटर विकायचा म्हणून मला साफ करायला बोलावलं. त्यात तो प्रोग्रॅम सापडला. एक ओळ नंतर घातलेली होती : शेवटचं अक्षर एंटर असेल तरच छाटायचं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेवटच्या नावानंतर मी एंटर मारलाच नव्हता. खाली काही लिहायचंच नव्हतं. हिराजीच्या नावाला शेपूट नव्हतं, म्हणून म्हात्रेच्या स्पेलिंगमधला शेवटचा ‘ई’ उडाला होता. फाइलवर तारीख त्याच हरतालिकेची, वेळ दुपारची. हिराजी जेमतेम स्टँडवर पोचला असेल. या माणसानं प्रोग्रॅम दुरुस्त केला, यादी नाही. रोह्याला एक फोन पुरला असता. पण मग ‘माझं चुकलं’ म्हणावं लागलं असतं ना... किळस आली मला.

मी कासूला गेले. हिराजीनं फावडं टेकवून सगळं ऐकून घेतलं. कितपत कळलं कोण जाणे. त्यानं एवढंच विचारलं, “म्हंजे मी नाव बरोबर सांगितला व्हता?”

“व्हय,” मी म्हटलं.

“बायको अजून बोलते, तुला सोताचा नाव पन सांगता येत नाय.”

माझ्याबरोबर येऊन हे तिला सांगाल का, असं त्यानं विचारलं. मी गेले. तिच्यासमोर सांगितलं. ती पदरानं डोळे पुसून चहा ठेवायला उठली.

क्लास आता मी चालवते. यादी टाइप करायला दिली की मुलींना शेवटच्या नावानंतरही एंटर मारायला लावते. “मॅडम, खाली तर काहीच नाय,” त्या म्हणतात. तरी मारा, मी म्हणते. विलासरावांकडून शिकले ते एवढंच.